‘शुद्ध गावरान वाण’ : हे तीन शब्द एका पुडीवर कसे?

दारव्हा, यवतमाळ
परवा कृषी केंद्रातून वांग्याच्या बियाची पुडी आणली. वर छापलेलं : ‘शुद्ध गावरान वाण’. मोठ्या मायला वाचून दाखवलं तर ती हसायलाच लागली. “गावरान हाये तं शुद्ध कायचं, बापा?” तिच्या वाडीत वांग्याची दहा झाडं असली तर दहा तऱ्हा. एकाचं फळ गोल, एकाचं लांबट, एक जांभळं, एकावर हिरव्या रेघा, आणि एकाच्या देठाला असे काटे की तोडताना बोटात शिरतात. हे सगळं एकाच चिंधीतलं बी. तिच्या लेखी यालाच गावरान म्हणतात. पुडीतली झाडं मात्र पोलीस भरतीला उभी केल्यासारखी, एका मापाची.

तर विचारायचं असं की ‘वाण’ हा शब्द मुळात कुठला? आणि जिथं झाडागणिक फळ निराळं, त्याला ‘एक वाण’ म्हणायचं का?

अकोला
भाऊ, वाण म्हणजे मूळचा रंग. ‘वर्ण’वरून आलेला. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत तोच जुना अर्थ शिल्लक आहे : पवळ्याचा रंग बदलला नाही, खोडी मात्र ढवळ्याची लागली. रंगावरून ‘प्रकार’, आणि प्रकारावरून बियाण्याचा वाण. संक्रांतीला बाया लुटतात ते वाण वेगळं, ते ‘वायन’मधून आलं. आणि ‘पोराले कशाची वाण नाही’ म्हणतो ती वाण म्हणजे उणीव. तो वाण, ते वाण, ती वाण. तिन्ही लिंगं झाली, आता परीक्षेत विचारायला हरकत नाही!

गंमत म्हणजे ती म्हण वांग्याला तंतोतंत लागू पडते. गावरान वांग्याशेजारी हायब्रीड लावलं की मधमाशा इकडचा पराग तिकडे नेतात. त्या वर्षी फळ जसंच्या तसं दिसतं, म्हणजे वाण लागत नाही. पण आतल्या बियाला गुण लागून गेलेला असतो. तो कळतो पुढच्या वर्षी.

वर्धा
‘गावरान’ हाच शब्द आपल्याकडे का टिकला याचं एक कारण सांगू का? ‘देशी’ म्हटलं की बाटली आठवते आणि ‘गावठी’ म्हटलं की कट्टा. बियाण्याला म्हणायला इज्जतीचा शब्द हाच उरला.

‘हायब्रीड’चीही कथा आहे. संकरित ज्वारीचा पहिला वाण, सीएसएच-१, १९६४ साली आला. तेव्हापासून आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हायब्रीड म्हणजे ज्वारीच. “भाकर गावरान जवारीची की हायब्रीडची?” कपाशीही संकरितच, पण तिला कोणी हायब्रीड म्हणत नाही; २००२ नंतर ती नुसती ‘बीटी’. आणि नाजूक पोराला अजूनही ‘हायब्रीडचं पीक’ म्हणतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीपुढे मात्र ‘शुद्ध’ चालून जाईल. तिथे बी नाही, ‘बेणं’ असतं. कंदच लावायचा, त्यामुळे लेक हुबेहूब मायसारखी निघते.

अमरावती
मी बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बरीच वर्षं काढली आहेत, तर दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे वेगळं दिसणारं झाड उपटून फेकायचं असतं. त्या कामाला ‘भेसळ काढणे’ म्हणतात. फुलोऱ्याआधी एकदा, फुलोऱ्यात एकदा, काढणीआधी पुन्हा. म्हणजे तुमची मोठी माय जिला गावरान म्हणते, तिला आम्ही भेसळ म्हणतो. यात आम्ही दुष्ट नाही. शंभर क्विंटल माल बाजारात न्यायचा तर तो एका वेळी पिकला पाहिजे आणि एकासारखा दिसला पाहिजे, नाही तर अडत्या भाव पाडतो. शेताचा ‘वाण’ आणि वाडीचं ‘गावरान’ हे दोन वेगळ्या गरजांचे शब्द आहेत, एकानं दुसऱ्याला खोटं ठरवू नये.

आणि एक शंका. हायब्रीडचं बी घरी धरून पेरलं तर दुसऱ्या वर्षी त्यातही नाना तऱ्हा निघतात. मग त्याला गावरान म्हणणार का?

नागभीड, चंद्रपूर
दादा, तुमच्या ‘भेसळ’ शब्दावरच बोलायचं आहे. आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ मध्ये काय केलं? पटेल-३ धानाच्या बांधीत काही लोंब्या निराळ्या दिसल्या. तुमच्या प्लॉटवर त्या उपटल्या गेल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, बी धरलं, पुन्हा पेरलं, वर्षानुवर्षं निवडलं, आणि त्यातून एचएमटी झाला. नाव तेव्हा घरोघरी असलेल्या मनगटी घड्याळावरून. आज निम्म्या लोकांना वाटतं हा एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेचा तांदूळ असेल. त्याची सुरुवात मात्र भेसळीतून झाली.

पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्यात ‘शेतकऱ्यांचा वाण’ असा वेगळा शब्दच आहे, आणि घरचं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क त्यात आहे. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. एरवी नव्या वाणाला वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य सिद्ध करावं लागतं. मधली अट वाचली की पुडीवरचं ‘शुद्ध’ कुठून आलं ते कळतं.

दारव्हा, यवतमाळ
अमरावतीवाल्या दादांच्या शंकेला माझं उत्तर : नाही म्हणणार. हायब्रीडमधून निघणाऱ्या तऱ्हा किती झाल्या तरी दोनच मायबापांच्या गाठोड्यातल्या. गावरानामागे किती पिढ्यांचं बी आणि किती घरांची देवाणघेवाण आहे, त्याला मोजदाद नाही. शिवाय आमच्याच मातीतला ताण, आमच्याच शिवारातल्या अळ्या सोसून जे उरलं तेच पुढे गेलं. दुष्काळी वर्षी मोठ्या मायची सात झाडं वाळली तरी तीन उभी राहतात. पुडीतली वाळली की सगळी एकदम वाळतात. पुस्तकात याला ‘जनुकीय विविधता’ म्हणतात. तिला हा शब्द सांगितला तर म्हणे, “भावंडं हायेत ते. सारखे कायले दिसतीन?” मला तरी ‘भावंडं’ जास्त पटला.

बी धरायची तिची रीत सांगून थांबतो. एकाच झाडाचं बी ती कधी धरत नाही, चार-पाच झाडांवरची फळं राखते. देठाला लुगड्याची लाल चिंधी बांधली की त्या वांग्याला हात लावायची घरात कुणाची छाती नाही. ते पिवळं पडेपर्यंत झाडावर, मग वळचणीला टांगलेलं. मऊ झालं की पाण्यात कुस्करायचं, वर तरंगेल ते फेकायचं, तळाचं बी राख लावून सावलीत वाळवायचं आणि गाठोडीत बांधायचं. त्या चिंधीवाल्या फळाला आम्ही ‘बियाचं वांगं’ म्हणतो. तुमच्याकडे काय म्हणतात? झाडीपट्टीवाल्यांनी आवर्जून सांगा.