३६ चं इम्प्लांट: कॅपमुळे सीबीसीटीत स्कॅटर, गाइड बनवावं का?

प्रश्न:
३६ (खालची डावी पहिली मोठी दाढ) नाही, तिथे इम्प्लांट बसवायचंय. ३५, ३७ आणि पलीकडच्या ४६ वर धातूच्या कॅप आहेत (३ ने सुरू होणारे आकडे खालची डावी बाजू, ४ ने खालची उजवी). सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) ०.३ मिमी व्हॉक्सेलवर (चित्रातल्या सर्वांत लहान घनावर) काढलाय. तोंडातल्या स्कॅनची एसटीएल फाइल (दात-हिरडीच्या पृष्ठभागाचा त्रिमितीय नमुना) सॉफ्टवेअर सीबीसीटीशी आपोआप जुळवतं, पण सीबीसीटीत कॅपभोवती पांढऱ्या रेघांचं जाळं (स्कॅटर) आहे. इम्प्लांटचं टोक ते नर्व्ह कॅनॉल (जबड्यातून नस जाते ती नळी) अंतर २ मिमी येतंय. गाइड (ड्रिलला दिशा देणारा, दातांवर बसणारा साचा) बनवण्याआधी ०.२ वर पुन्हा स्कॅन करावा का?

प्रतिसाद १:
पुन्हा स्कॅन लागेल, पण व्हॉक्सेलसाठी नाही. व्हॉक्सेल लहान केला तरी रेघा तशाच राहतात, डोस तेवढा वाढतो. खरी गडबड जुळणीत आहे. सॉफ्टवेअर कॅपच्या फुगलेल्या कडेलाच दाताची कड समजतं. आपोआप जुळणी बंद करा, कॅपचे दात वगळा आणि ३४, ४३, ४७ असे लांब लांबचे स्वच्छ (धातू नसलेले) दात निवडा. फक्त पुढच्या दातांवर जुळवलंत आणि १ अंशाने फिरलं, तर ३० मिमी मागे अर्धा मिमी चूक होते. मग तिन्ही छेदांत एसटीएलची रेघ इनॅमलच्या कडेवर ठेवून बघा. एका बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर दिसली, तर जुळणी फिरलेली आहे.

डाव्या बाजूला मागे स्वच्छ दात नाही, म्हणून तिथे खूण हवी; पुन्हा स्कॅन त्यासाठीच.

प्रश्नकर्ता:
खूण कशाची आणि कुठे?

प्रतिसाद १:
एक्स-रेवर दिसणाऱ्या फ्लोएबल कंपोझिटचे (दात भरायच्या पातळ मटेरियलचे) ३ ठिपके, एका रेषेत नकोत. हलणाऱ्या नव्हे, घट्ट हिरडीवर, ती कोरडी करून. रेघा कॅपच्या पातळीत आडव्या पसरतात, त्यामुळे खालचे ठिपके स्वच्छ दिसतात. ठिपके जागेवर असतानाच तोंडातला स्कॅन आणि सीबीसीटी, दोन्ही उरकून घ्या. दातांमध्ये आणि गालाच्या आत कॉटन रोल ठेवा, म्हणजे वरचे दात आणि गाल हिरडीपासून सुटे राहतील.

प्रतिसाद २:
माझी काळजी त्या २ मिमीबद्दल आहे. २०१८ च्या एका मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात) गाइडने बसवलेल्या इम्प्लांटची सरासरी चूक हाडात शिरण्याच्या जागी १.२ मिमी, टोकाला १.४ मिमी आणि कोनात ३.५ अंश निघाली. ही सरासरी आहे, काही इम्प्लांट त्याहून जास्त सरकतात. शिवाय ड्रिलचं टोक इम्प्लांटच्या लांबीपेक्षा थोडं पुढे जातं. किती, ते किटच्या तक्त्यात बघून २ मिमीतून वजा करा. लांबी एक पायरी कमी केलेली बरी. गाइडला ३४ आणि ३७ वर खिडक्या ठेवा. तिथे फट दिसली तर ड्रिल लावू नका. स्लीव्हखाली (गाइडमधल्या ड्रिलच्या नळीखाली) पाणी नीट पोचत नाही, त्यामुळे ड्रिल वर-खाली करत बाहेरून सलाइन सोडत राहा.