विनापट्टा श्वान उद्यानात पालकाची जबाबदारी नेमकी कोठपर्यंत?

प्रश्न – रानवाट

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे सव्वा वर्षाचा, मध्यम चणीचा कुत्रा आहे. घरात आणि पट्ट्यावर फिरताना हाक मारली की तो येतो. मात्र दुसरा कुत्रा दिसला की त्याचे आमच्याकडे लक्ष राहत नाही. त्याला सार्वजनिक श्वान उद्यानात मोकळे सोडावे असा विचार आहे. तेथील फलकावर लसीकरण आवश्यक, विष्ठा उचलावी आणि प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर, एवढेच लिहिलेले आहे. कुत्र्यांत भांडण होऊन एखादा जखमी झाला तरी कोणी कोणाला उत्तर देणे लागत नाही, असा शेवटच्या नियमाचा अर्थ नेहमी येणारे काही पालक काढतात आणि तो मला पटत नाही. कुत्रा मोकळा सोडण्यास तयार आहे हे कसे ओळखावे, आत गेल्यावर पालकाने काय करावे आणि विपरीत घडल्यास जबाबदारी कोणाची, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

उत्तर – शीळ

आपल्याला तो अर्थ पटला नाही हे योग्यच आहे. फलकावरील ते वाक्य उद्यान चालवणाऱ्या यंत्रणेने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेले असते. त्यामुळे एका पालकाची दुसऱ्या पालकाप्रती असलेली जबाबदारी संपत नाही. कायदा देशागणिक वेगळा आहे. काही ठिकाणी कुत्र्याने इजा केली एवढ्यावरूनच मालकाला भरपाई द्यावी लागते, तर काही ठिकाणी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. परंतु ज्याने आपल्या कुत्र्यावर लक्ष ठेवले नाही, त्याची बाजू दोन्हीकडे कमकुवतच राहते.

कुत्र्याच्या तयारीविषयी माझे मत थोडे कठोर आहे. समोर दुसरा कुत्रा असताना जो हाकेसरशी परत येत नाही, त्याला अजून मोकळे सोडू नये. उद्यानाच्या कुंपणाबाहेर, इतर कुत्रे दिसतील पण जवळ येऊ शकणार नाहीत इतक्या अंतरावर, लांब दोरीवर सराव करावा आणि अंतर हळूहळू कमी करावे. तो आला की प्रत्येक वेळी खाऊ द्यावा, आणि पुष्कळदा त्याला पुन्हा मोकळे सोडावे. हाक मारली म्हणजे खेळ संपला, असे एकदा त्याच्या मनात बसले की तो येणे टाळू लागतो.

प्रवेशद्वाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण बऱ्याच कटकटी तेथूनच सुरू होतात. चांगल्या उद्यानाला दोन फाटके असतात; पहिले पूर्ण लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही आणि पट्टा त्या दोहोंमधील जागेतच सोडायचा. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात पट्ट्याने बांधलेला कुत्रा नेला, तर त्याला मागे सरता येत नाही आणि घाबरून तो दात दाखवतो. आतील कुत्रे फाटकाशी गोळा झाले असतील तर नव्याने येणाऱ्याने थांबावे आणि आतल्या पालकांनी आपापले कुत्रे मागे बोलावून घ्यावेत. हे दुसरे कर्तव्य फलकावर क्वचितच लिहिलेले असते. पण माझ्या लेखी ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

उत्तर – पाणवठा

लसीकरण आणि विष्ठा या दोन गोष्टी फलकावर आहेत, असे आपण म्हटले आहे. त्यामागील कारणेही येथे नोंदवतो, कारण ती ठाऊक असली की नियम पाळण्यात ढिलाई होत नाही. कुत्र्यांना जीवघेणे जुलाब करणारा पार्व्हो विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे आजारी कुत्रा निघून गेल्यावरही जागा सुरक्षित होत नाही. पिल्लांच्या प्राथमिक लसमालिकेतील शेवटची मात्रा साधारण 16 आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर दिली जाते; ती होऊन पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत पिल्लाला अशा ठिकाणी आणू नये. रेबीजची लस आणि तिच्या पुढील मात्रा यांबाबत तर कोणतीही सवलत नसावी.

गोलकृमींची अंडी ताज्या विष्ठेत लगेच संसर्गक्षम नसतात; त्यांना मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण त्यानंतर ती दीर्घकाळ तग धरतात आणि माणसांनाही, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना, बाधा करू शकतात. म्हणूनच विष्ठा त्याच क्षणी उचलण्याला इतके महत्त्व आहे. गप्पांत रमलेल्या पालकाला आपला कुत्रा कोठे बसला हे दिसतच नाही, आणि त्याची घाण दुसऱ्याला उचलावी लागते किंवा तशीच राहते.

माजावर आलेली मादी आणू नये. हा काळ साधारण तीन आठवड्यांचा असतो आणि त्यात नर एकमेकांवर तुटून पडतात. पट्टा हातात धरून आणले तरी गंध लपत नाही. खोकला, जुलाब किंवा त्वचेचा संसर्ग असलेल्या कुत्र्यालाही घरीच ठेवावे.

उत्तर – मोकळे रान

वरील मुद्दे मान्य आहेत, तथापि पालकांनी सतत मध्ये पडू नये असे मला वाटते. कुत्रे गुरगुरतात, एकमेकांना पाडतात आणि आपसांत मिटवतातही. प्रत्येक गुरगुरीला धावून जाणाऱ्या पालकाचा कुत्रा अधिकच बिचकतो.

उत्तर – शीळ

गुरगुरणे ही सूचना आहे आणि ती दाबू नये, इथपर्यंत सहमत आहे. मात्र आपसांत मिटवतात हे वाक्य बहुधा वरचढ कुत्र्याचा पालक उच्चारतो. खऱ्या खेळात अंग सैल असते, पुढचे पाय टेकून खेळाचे आमंत्रण दिले जाते, पाठलाग करणारा आणि पळणारा यांची अदलाबदल होते आणि मध्येच दोघेही क्षणभर थांबतात. एकच कुत्रा सतत खाली दबला जात असेल, शेपूट पोटाशी घेऊन पालकाच्या पायांमागे लपत असेल, किंवा दुसऱ्याचे अंग ताठ होऊन नजर एकाच जागी खिळली असेल, तर तो खेळ राहिलेला नाही. शंका असल्यास वरचढ कुत्र्याला क्षणभर धरावे. दुसरा आपणहून परत आला तर खेळ चालू द्यावा, दूर निघून गेला तर तेथेच थांबवावा. ही पारख करण्यासाठी पालकाचे डोळे मोबाइलवर नव्हे, कुत्र्यावर हवेत. मोठ्या आणि अगदी लहान चणीच्या कुत्र्यांसाठी वेगळे विभाग असतील तर ते कटाक्षाने पाळावेत, कारण किंचाळत पळणारा लहान जीव पाहून एरवी शांत असलेल्या मोठ्या कुत्र्याचाही शिकारी स्वभाव जागा होऊ शकतो.

प्रश्न – रानवाट

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. चेंडू, खाऊ आणि लहान मुले यांबाबत काय करावे? आणि प्रत्यक्ष भांडण जुंपलेच तर सोडवायचे कसे?

उत्तर – पाणवठा

आवडता चेंडू आणि खाऊ यांवर अनेक कुत्रे हक्क गाजवतात. गर्दी असताना दोन्ही बाहेर काढू नयेत आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय काही भरवू नये. लहान मुलांना शक्यतो आणूच नये. टोचणारे किंवा आवळणारे गळपट्टे आत जाण्यापूर्वी काढावेत, कारण खेळताना त्यांत दुसऱ्याचा जबडा अडकू शकतो.

भांडणात गळपट्ट्याकडे हात नेऊ नये. आवेशातील कुत्रा स्वतःच्या पालकालाही चावतो. आधी मोठा आवाज करावा, पाणी ओतावे किंवा मध्ये फळीसारखा आडोसा घालावा. तेवढ्याने भागले नाही, तर दोन्ही पालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे ओढावे आणि लगेच पट्टे अडकवावेत.

त्यानंतर निघून जाणे सर्वांत गैर. दोन्ही पालकांनी संपर्क क्रमांक आणि लसीकरणाची माहिती एकमेकांना द्यावी. दाताची जखम वरून टिकलीएवढी दिसली तरी आत खोल असू शकते, म्हणून कुत्र्याला त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. माणसाला चावा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे आणि चावलेल्या कुत्र्याला 10 दिवस देखरेखीखाली ठेवावे. त्या 10 दिवसांत त्याच्या प्रकृतीची खबर जखमी व्यक्तीला स्वतःहून कळवत राहणे हे त्या कुत्र्याच्या पालकाचे काम आहे. तिने विचारेपर्यंत थांबू नये.