मदत हवी आहे: अमेरिका नाटोतून बाहेर पडली तर ग्रीनलँडचा १९५१ चा करार संपतो का?

डेन्मार्क-अमेरिका संबंधांवर अभ्यासगटासाठी टिपण लिहितोय आणि एका कलमापाशी अडकलोय. ग्रीनलँडच्या संरक्षणाचा करार या दोन देशांत एप्रिल १९५१ मध्ये झाला. पिटुफिकचा, म्हणजे पूर्वीच्या थुलेचा, अमेरिकी तळ त्याच करारावर उभा आहे. करार किती काळ चालणार? तर उत्तर अटलांटिक करार, म्हणजे नाटोचा मूळ करार, लागू असेपर्यंत. एकट्या देशाने नोटीस देऊन बाहेर पडायची सोय मला त्यात सापडली नाही. उलट नाटोच्या कलम १३ नुसार कोणताही सदस्य वर्षभराची नोटीस देऊन बाहेर पडू शकतो.

२००४ ची दुरुस्ती वाचली. तिने ग्रीनलँडच्या सरकारला सल्लामसलतीत स्थान दिलं, आणि ते फार महत्त्वाचं आहे, पण मुदतीचा मुद्दा तिथे सुटत नाही. २०२३ चा डेन्मार्क-अमेरिका करार ग्रीनलँडला लागू नाही, म्हणून बाजूला ठेवला. करारांच्या कायद्यावरच्या व्हिएन्ना कराराचं कलम ५६ (बाहेर पडायची सोय नसलेल्या करारांबद्दलचं) पाहिलं, पण अमेरिकेने तो करार मंजूरच केलेला नाही.

ट्रम्प यांच्या वक्तव्यांवरची चर्चा नकोय. डॅनिश येत नाही. इंग्रजी संदर्भ चालतील. आंतरराष्ट्रीय कायदा शिकलेल्यांना नेमकं विचारायचंय: अमेरिका बाहेर पडली, पण इतरांसाठी नाटो करार चालूच राहिला, तर १९५१ च्या कराराची मुदत संपली असं डेन्मार्कला म्हणता येईल का?