लॅसोला मराठीत काय म्हणायचं : फास, फासा की पाश?

प्रश्न : अमेरिकी गुराख्यांवरच्या मजकुराचं भाषांतर चालू आहे. 'लॅसो'ला, म्हणजे पळतं जनावर धरायच्या त्यांच्या दोराला, नुसतं 'फास' म्हटलं की गळफास आठवतो. 'सुरगाठीचा दोर' चालेल का?

प्रतिसाद : सुरगाठ नको. तिचं शेपूट ओढलं की ती सुटते. लॅसोचा दोर ओढला की वेढा आवळतो. दोराच्या टोकाला लहान पक्का डोळा करतात, त्याला स्पॅनिशमधून आलेलं नाव 'होंडा'. उरलेला दोर त्या डोळ्यातून ओवला की फास तयार. म्हणजे डोळ्याची गाठ निरगाठच, सरकतो तो दोर. मूळ स्पॅनिश 'लासो'चा अर्थही फास असाच आहे.

प्रतिसाद : 'फासा'ही जपून वापरा. फासेपारधी फासे मांडतात, पाखरू किंवा जनावर आपणहून चालत येऊन त्यात अडकतं. लॅसो पळत्या जनावरावर टाकायचा. त्यामुळे क्रियापद 'लावला', 'मांडला' नको. 'टाकला' किंवा 'फेकला' हवं.

दोर साधारण ३० फुटांचा. डाव्या हातात लगाम आणि दोराची सैल वेटोळी, उजव्यात फास आणि त्याला लागून असलेला दोर, डोळा हातापासून बराच पुढे. डोक्यावर फिरवताना मनगट नीट वळलं नाही तर फासाला पीळ पडून इंग्रजी आठाचा आकडा होतो आणि नेम बरोबर असूनही जनावर निसटतं. फास पडल्याबरोबर ढील ओढून घ्यायची, मग खोगिराच्या पुढच्या खुंटाला दोराचे वेढे द्यायचे. तेव्हा अंगठा वर हवा. दोर आणि खुंट यांच्यामध्ये सापडला तर तुटतो. चामड्याच्या वेणीचा दोर, म्हणजे 'रिआटा', हिसक्याने तुटतो, म्हणून वेढे थोडे सरकू देतात. तिथे 'दोर बांधला' लिहिणं चूकच.

प्रतिसाद : 'पाश' हा शब्द विसरू नका. गणपतीच्या हातातले पाश आणि अंकुश ही हत्ती धरण्याची आणि आवरण्याची साधनं. आसामच्या 'मेला शिकार'मध्ये पाळीव 'कुनकी' हत्तीवरून रानहत्तीवर फास टाकत, टाकणारा तो 'फांदी'. (आपल्या झाडाच्या फांदीशी गल्लत नको.) फास डोक्यावर पडला की रानहत्ती सोंड आत वळवतो आणि फास मानेवर उतरतो. गळा आवळून जीव जाऊ नये म्हणून फासाला आडदोरी बांधून तो आणखी सरकण्यापासून रोखत. १९७७ मध्ये हत्तीला कायद्याचं सर्वोच्च संरक्षण मिळालं आणि पुढे ही शिकार बंद होत गेली. २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेल्या आसामच्या माहूत पार्वती बरुआ याच परंपरेतल्या.

प्रतिसाद : शब्द सुंदर आहे, पण आज 'पाश' वाचताच मोहपाश, मायापाश डोळ्यांपुढे येतात. हत्तीच्या संदर्भात तो जरूर ठेवावा. गुराख्यासाठी पूर्ण वस्तूला 'फासाचा दोर' आणि पुढच्या वेढ्याला 'फास', असे दोन वेगळे शब्द वापरा. मजकुरात पुढे मंगोलियाचा 'उर्गा' आला तर मात्र 'फेकला' चालणार नाही. तिथे फास लांब काठीच्या टोकाला असतो, घोडेस्वार तो घोड्याच्या मानेत अडकवतो.