शटडाऊनआधी छोट्या सेवाभावी संस्थेने काय करून ठेवावे?

एडिसनकर
न्यू जर्सीतील एका छोट्या सेवाभावी संस्थेची मी खजिनदार आहे. आम्ही ज्येष्ठांना दुपारचे जेवण घरपोच देतो आणि त्यांत आपले मराठी आजी-आजोबाही आहेत. निम्म्याहून अधिक खर्च वॉशिंग्टनहून राज्य व काउंटी (जिल्हा) यांच्यामार्फत येणाऱ्या अनुदानातून भागतो, पण आधी पदरचा पैसा खर्च करायचा आणि मग बिले पाठवायची, अशी त्याची रीत आहे. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस, खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्याने, केंद्र सरकारचे बरेचसे कामकाज बंद राहिले (यालाच शटडाऊन म्हणतात), तेव्हा आमची बिले अडकली आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा पगार दोन आठवडे उशिरा झाला. ते मला अजून सलते. पुन्हा तशी वेळ येण्याआधी काय करून ठेवावे?

जमाखर्च
ताई, सगळी अनुदाने एकाच दिवशी थांबत नाहीत, म्हणून प्रथम प्रत्येक अनुदानाचे करारपत्र काढून त्याचे वर्ष कधी सुरू होते आणि रक्कम संस्थेच्या नावे आधीच बांधून दिलेली आहे का, हे पाहावे. लहान मुलांच्या ‘हेड स्टार्ट’ कार्यक्रमात हा फरक स्पष्ट दिसतो: ज्या केंद्रांचे अनुदानवर्ष शटडाऊनच्या काळात सुरू होते, त्यांना सर्वांत आधी झळ बसते, तर ज्यांची रक्कम आधीच मिळालेली असते त्यांचे वर्ग चालू राहतात. २०१३ च्या शटडाऊनमध्ये बंद पडलेली काही केंद्रे ह्यूस्टनच्या एका दांपत्याने १ कोटी डॉलर दिल्यामुळे पुन्हा उघडली. असा दाता आपल्याला भेटेलच, असे धरून चालता येत नाही.

केंद्र सरकारचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये महिनाअखेरीची वाट न पाहता, काउंटी स्वीकारत असेल तर दर आठवड्याला बिले पाठवावीत, आणि केंद्राकडून पैसे आले नाहीत तर काउंटी स्वतःच्या तिजोरीतून किती दिवस देऊ शकेल, हे तिच्याकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर पगार होत नाहीत.

पगारपत्रक
मी अनेक वर्षे संस्थांचे पगार पाहिले आहेत, म्हणून याविषयी आग्रहाने लिहितो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना शटडाऊननंतर थकलेला पगार मिळावा असा कायदा २०१९ मध्ये झाला, पण अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांना तो लागू नाही. त्यांनी केलेल्या कामाचा पगार संस्थेलाच द्यावा लागतो, आणि पगारी माणसाला तेच काम ‘काही दिवस सेवा म्हणून करा’ असे सांगता येत नाही. काम कमी करायचे असेल तर कोणाचे, किती आणि कधीपासून, याचा ठराव विश्वस्तांनी आताच करावा. पगारातून कापलेला कर मात्र कितीही ओढाताण झाली तरी वापरू नये. तो न भरल्यास त्यास जबाबदार असलेल्या व्यक्तीकडून तो वसूल होऊ शकतो.

एडिसनकर
ठरावाचे आम्हाला सुचलेच नव्हते. बँकेकडून कर्जमर्यादा मंजूर करून घ्यावी का?

जमाखर्च
घ्यावी, आणि खात्यात शिल्लक चांगली असतानाच अर्ज करावा, कारण बिले थकल्यानंतर बँक हात आखडता घेते. किमान दोन महिन्यांचे पगार आणि किराणा निघेल एवढी मर्यादा मागावी. विशिष्ट कामासाठी आलेली देणगी दात्याच्या संमतीशिवाय पगाराकडे वळवू नये.

शिधावाटप
पैशाइतकाच मागणीचाही विचार करावा. मी एका अन्नपेढीत काम करते. २०१९ च्या शटडाऊनमध्ये ‘स्नॅप’ची (गरजूंना अन्न विकत घेण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) फेब्रुवारीची रक्कम जानेवारीतच दिली गेली, त्यामुळे पुढच्या हप्त्यापर्यंतचा काळ लांबला, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तर ती अनेकांना वेळेवर मिळालीच नाही. तेव्हा आमच्या रांगेत पगार थांबलेले सरकारी कर्मचारीही उभे होते. तुमच्याकडे एकटे राहणारे किती ज्येष्ठ केवळ या डब्यावर अवलंबून आहेत, त्यांची यादी आजच वेगळी काढा, म्हणजे डबे कमी करण्याची वेळ आलीच तर त्यांचा डबा शेवटपर्यंत चालू ठेवता येईल. बातमी कानावर येण्याआधी त्यांना मराठीतून फोन करा. आमच्याकडच्या एका आजींनी डबा बंद होणार या भीतीने अर्धे जेवण दुसऱ्या दिवसासाठी ठेवायला सुरुवात केली होती.