मदत हवी आहे : नफा कमी असताना ब्रिटनमध्ये ऐच्छिक नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शन वगैरेंसाठीची वर्गणी) भरावा का?

नमस्कार. मी हॅरोमध्ये घरून जेवणाचे डबे देते आणि 2024-25 या करवर्षातला माझा नफा सुमारे 6,400 पौंड आहे. तो 12,570 पौंडांच्या आत असल्याने प्राप्तिकर आणि क्लास 4 (नफ्यावरचा नॅशनल इन्शुरन्स) लागत नाही, हे स्पष्ट आहे. मात्र नफा 6,725 पौंडांहून कमी असल्यामुळे क्लास 2 (स्वयंरोजगार करणाऱ्यांची, पेन्शनच्या नोंदीत धरली जाणारी वर्गणी) भरल्याचे आपोआप धरले जात नाही, आणि मुलगा बारा वर्षांचा झाल्याने चाइल्ड बेनिफिट या मुलांसाठीच्या सरकारी भत्त्यासोबत पेन्शनच्या नोंदीत मिळणारे क्रेडिटही थांबले आहे. पूर्ण सरकारी पेन्शनसाठी साधारण 35 वर्षांची नोंद लागते, त्यामुळे एकही वर्ष रिकामे जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्या वर्षासाठीच्या ऐच्छिक क्लास 2 ची आठवड्याला 3.45 पौंड, म्हणजे वर्षाला जेमतेम 180 पौंड, ही रक्कम क्लास 3 या दुसऱ्या ऐच्छिक वर्गणीच्या तुलनेत फारच कमी आहे. ज्यांनी सेल्फ असेसमेंटच्या (स्वतः भरायच्या वार्षिक कराच्या) विवरणपत्रातूनच ऐच्छिक क्लास 2 भरला आहे, त्यांनी कृपया सांगावे : 31 जानेवारीपूर्वी पैसे भरल्यावर ते वर्ष नोंदीत पूर्ण दिसायला किती काळ लागला? शिवाय गॅस-विजेचा खर्च तासांच्या ठरावीक दराने दाखवावा की प्रत्यक्ष बिलांच्या हिश्श्याने? डब्यांच्या धंद्यात गॅस बराच जळतो, म्हणून विचारते.