दर तासाला ड्रॉप, तेही रात्रभर?? बुबुळाला जखम झालीय

वाळव्याचा_पोरगा:
आमच्या आण्णांच्या डोळ्याला आठ दिवसांपूर्वी उसाचं पातं लागलं. नुसता लाल झालाय म्हणून मेडिकलमधनं ड्रॉप आणला, दोन दिवस बरं वाटलं आणि मग एकदम ठणकाच, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. काल डोळ्याच्या डॉक्टरांनी डोळा बधिर करून जखमेवरचं जरा खरवडून तपासलं, बॅक्टेरिया दिसतायत म्हणाले, आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिकचा ड्रॉप) दर तासाला टाका म्हणाले, रात्री पण! आई म्हणते एवढं औषध ओतून आहे तो डोळा पण जाईल. दिवसातनं चारदा टाकलं तर नाही का चालत? पट्टी बांधू का?

निळा_चष्मा:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारा, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण तासाला म्हणजे तासालाच. थेंब काही मिनिटांत अश्रूंबरोबर वाहून जातो आणि कॉर्नियात (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात) रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळं गोळी खाऊन औषध तिथं पुरेसं पोचत नाही, जे काय करायचं ते थेंबानंच. पहिले ४८ तास साधारण रात्रंदिवस असतं, मग जखम बघून डॉक्टरच कमी करतात. एकच थेंब बास, दुसरा गालावरच येतो. दुसरा कुठला ड्रॉप असेल तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या. पट्टी अजिबात नको.
आणि मेडिकलवाल्यानं दिलेली बाटली बघा, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का?

वाळव्याचा_पोरगा:
डेक्सामेथासोन आहे 😬

निळा_चष्मा:
वाटलंच. स्टेरॉइड ते. लाली आणि दुखणं दाबतं, म्हणून दोन दिवस बरं वाटलं, आत जंतू वाढत राहिले. बंद करा आणि बाटली डॉक्टरांना दाखवा.

कडू_कारलं:
स्टेरॉइड सरसकट वाईट नाही हो. मदुराईच्या अरविंद डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये आणि आणखी काही ठिकाणी बॅक्टेरियाच्या अल्सरच्या (बुबुळावरच्या अशाच जखमेच्या) ५०० पेशंटवर अभ्यास झालेला, २०१२ ला छापून आला. पण त्यात आधी ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन टाकून मगच स्टेरॉइड दिलेलं, आणि तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिलेल्या आणि न दिलेल्यांच्या एकूण नजरेत फरक काही नाही. मेडिकलमधनं उचलून टाकायची वस्तू नव्हेच ती.

पाचटवाला:
उसाचं पातं म्हटल्यावर बुरशीचं पण बघा! आमच्या चुलत्यांना तीच निघाली, तोवर तीन आठवडे अँटिबायोटिकमध्ये गेले. मग नाटामायसिन हे बुरशीवरचं औषध दिलं, दुधासारखं पांढरं असतं, बाटली हलवून टाकायचं. डोळा वाचला पण फूल राहिलंच. कल्चरचा (खरवडलेल्यातनं जंतू वाढवून बघतात त्याचा) रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तो आल्यावर विचारा नक्की.

लेन्सवाली_मुंबईकर:
मी लेन्स घालून झोपायचे, माझ्या वेळी स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया निघाला. इंजेक्शनच्या औषधातनं बनवलेले स्ट्राँग ड्रॉप होते, फ्रिजमध्ये ठेवायचे आणि असले झोंबायचे की विचारू नका. जाग येत नाही, अलार्म पण बंद करून झोपतो माणूस, त्यामुळं घरात बाऱ्या लावा.

वाळव्याचा_पोरगा:
लावल्या. आई रात्री २ पर्यंत, पुढं मी. आण्णा प्रत्येक थेंबाला शिव्या घालतायत, पण आज उजेडाकडं बघितलं जरा.